भंडाऱ्याचं ‘तुम’

उत्तरेत बदली झाल्यावर अलीगंजच्या क्वार्टरमध्ये टेलिफोन बसला तेव्हा चंदाला वाटलं, आता संध्याकाळी आईशी निवांत बोलता येईल. पण संध्याकाळी फोन तिच्या वाट्याला आलाच नाही. तिचे यजमान दयाराम ढोके ऑफिसमधून आले, चहा प्याले, की फोनची वायर मोडेम नावाच्या डबीत खोचायचे, अन् डबी संगणकाला. चुकून रिसीव्हर उचलला की कानात तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्रकन आवाज.

याला म्हणायचं ‘बैठक’. शहरात ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल, त्यानं घरून हा नंबर लावायचा, दयारामांच्या संगणकावर आपली अडचण लिहून ठेवायची, दुसऱ्याची सोडवायची. एका वेळी एकच जण. प्रिंटर चालत नाही, व्हायरस शिरला, फ्लॉपी वाचत नाही. सगळ्यांची उत्तरं दयाराम जातीनं बघायचे.

सगळं इंग्रजीत चालायचं. त्यामुळे दुकानदार बिचकतात, प्रश्नच विचारत नाहीत, हे दयारामांनी हेरलं. त्यांनी जाहीर केलं, यापुढे इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहू या. आणि स्वतःपासून सुरुवात केली.

पंधरवड्यात बैठक ओस पडली.

दयारामांनी वायर बदलली, डबी उघडून फुंकली, लाइनमनला बोलावून चहा पाजला. “लाइन तो एकदम चकाचक है, ढोकेजी,” तो म्हणाला.

“मग आता फोन बाहेरच्या खोलीत ठेवू या,” चंदा म्हणाली. “तुमच्याकडे कुणी येत नाही, माझ्याकडे आईचा तरी येईल.”

“आठवडाभर थांब गं.” त्यांचा आवाज इतका पडलेला होता की चंदानं फोन तिथंच राहू दिला. बदलीच्या या गावात नवऱ्याला ऑफिसबाहेर ओळखणारी माणसं होती ती एवढीच, आणि तीही तारेपलीकडची.

त्या रविवारी भाजीबाजारात निगमसाहेब भेटले. रिटायर्ड इंजिनियर, बैठकीतले सगळ्यांत ज्येष्ठ. निम्मे लोक त्यांनीच आणलेले.

“आप आजकल आते नहीं?”

“अरे भाई, अब वहाँ डाँट पड़ती है,” ते हसत म्हणाले आणि मटार निवडू लागले.

दयारामांनी घरी येताच पिशवी ओट्यावर टाकली. “मी कुणाला रागावलो गं? शपथेवर सांगतो, आवाज चढवला नाही.”

“लिहिताना आवाज कुठला चढतो? काय लिहिलंत, दाखवा.”

चंदा पदराला हात पुसत संगणकाच्या पडद्यापुढे बसली. अक्षरं लावत लावत वाचू लागली. “निगमसाहब, तुम पहले वो फाइल हटाओ. तुम को समझा क्या?” ती थांबली. मग खो खो हसत सुटली.

“अहो, बासष्ट वर्षांच्या माणसाला ‘तुम’?”

“मग? आदरानंच लिहिलंय. तुम्ही, तसं तुम. समोर असले की त्यांचं ऐकून ‘आप’ येतं तोंडात, लिहायला बसलो की आपलंच येतं.”

“ते आपलं भंडाऱ्याचं ‘तुम’. इथं ‘तुम’ म्हणजे घरगड्याशी बोलल्यासारखं. पहिल्या वर्षी मी शेजारच्या अम्मांना ‘तुम बैठो’ म्हणाले, तर दोन महिने त्यांच्याकडून भाजीची वाटी आली नाही.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही त्या डबीशी बोलत होतात.”

दयाराम पडद्याकडे वळले. आपण लिहिलेला एकेक निरोप उघडून ‘तुम’चं ‘आप’ करत गेले, ‘हटाओ’चं ‘हटाइए’. चंदा मागून चुका काढत होती. शेवटी निगमसाहेबांना माफीचा निरोप लिहिला. त्यात इतके ‘आप’ झाले की चंदानं चार काढायला लावले.

मग दयाराम निगमसाहेबांच्या फाटकात उभं राहून त्यांना सांगूनही आले, बैठकीत एक निरोप ठेवलाय म्हणून.

दुसऱ्या संध्याकाळी डबी चिरकली. कुणीतरी आत आलं, थोडा वेळ बसलं, गेलं. दयारामांनी निरोप उघडला आणि चेहरा पाडून स्वयंपाकघरात आले.

“निगमसाहेबांनी लिहिलंय, दयाराम, तुम भी कमाल करते हो. अगं, आता तेच मला ‘तुम’ म्हणतायत. राग गेला नाही वाटतं.”

चंदानं तव्यावरची पोळी उलटली.

“हे ‘तुम’ वेगळं,” ती म्हणाली. “हे घरच्या माणसाचं. फोन राहू द्या तिथंच. आईशी मी सकाळी बोलेन.”