भावोजींचं आरमार

आमच्या भावोजींचं चष्म्यांचं दुकान, पण जीव सगळा आरमारात. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते पेपरातल्या नौदलाच्या बातमीवर सुनावायचे, "चार भुरट्या चाच्यांसाठी अख्खी युद्धनौका? आधी मोहीम ठरवावी, मग सामान हलवावं!" स्वतः मात्र समुद्र काठावरूनच पाहिलेला, कारण त्यांना बोट लागायची.

एका रविवारी स्वयंपाकघरातला नळ तुटला. भावोजींनी माळ्यावरून शिडी, दोरखंड, ड्रिल, झाडून सगळं उतरवलं आणि नेमकं दारातच मांडलं. पाणी घोट्याला लागलं, तशी ताई तो ढिगारा ओलांडून गच्चीवर गेली आणि तिने टाकीचा कॉक बंद केला.

"एवढंही सुचलं नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

भावोजी पँट पिळत म्हणाले, "ही मोहीमच मुळात आपल्या तोलामोलाची नव्हती."