मागाचा खड्डा

चिंचोक्यांची खळ चुलीवर रटरटू लागली की घरभर एक उग्र, ओलसर वास कोंदतो; आणि दसऱ्यानंतरच्या कोवळ्या उन्हात, अंगणभर ताणलेल्या काळ्या लोकरीच्या धाग्यांवर ती खळ कुंच्याने चढू लागली, की तोच वास वाऱ्याबरोबर संगमनेरच्या पठारावर दूरवर जातो. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता त्या वासावाचून हिवाळा आल्यासारखा वाटत नाही.

घोंगड्या विणणाऱ्या आमच्या घरात सूत बायकांनी कातायचं आणि मागावर पुरुषांनी बसायचं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे. मी मात्र सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, हात धुऊन मागे लागले आणि गेल्या वर्षी मागावर बसलेच. पडवीतला आमचा माग जमिनीलगतचा. पाय खालच्या खड्ड्यात सोडून पावड्या दाबायच्या आणि वर धोटा फेकायचा. हात माझे लवकर वळले, पाय मात्र पुरेनात. खड्डा उंचपुऱ्या आप्पांच्या मापाने खणलेला, आणि मी ही अशी बुटकी. चवडे ताणून पावडी गाठावी, तर वीण कुठे घट्ट, कुठे सैल पडे. आप्पा सैल जागेवरून नुसतं बोट फिरवत आणि तेवढं उकलायला लावत. मला राग येई. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसे, कारण ते काम मला मनापासून हवं होतं.

यंदा आप्पांचा उजवा खांदा धरला. दिवाळीआधी खड्डा बुजवून पडवीत फरशी घालू, असं नवरा म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? सैल विणीची घोंगडी भर पावसात मेंढपाळाच्या काय कामाची?

एका सकाळी पाहते तर आप्पा डाव्या हाताने पाटीतली माती खड्ड्यात लोटत होते. माझे डोळे भरून आले. पण वीतभर माती चढल्यावर ते थांबले, पाणी शिंपडून त्यांनी तळ चोपला, पावड्या वर बांधल्या आणि मला हाक मारली.

"बस. पाय पुरत्यात का बघ."

पावलं सपाट टेकली. मी पावडी दाबली, धागे सरळ उघडले.

"आप्पा, मग तुमी कसं बसणार?"

"मी न्हाई बसायचो आता. धोटा फेक."

दुपारी मी पाणी प्यायला उठले, तेव्हा ते सवयीने मागावर बसायला गेले. गुडघे वर अडले. स्वतःशीच हसून ते उठले आणि माझा चरखा ओढून सूत कातू लागले. सूत जाडबारीक येत होतं. ते सारखं कसं काढायचं, हे त्यांना सांगावं की नाही, याचा विचार करत मी धोटा फेकत राहिले.