बॉयलरवरची घंटा

"मिस्त्री, काटा कुठं आहे?"

करीम मिस्त्रीनं नुसतं बोट दाखवलं. बॉयलरच्या तोंडावर, जिथं प्रेशर गेजची काच असायला हवी, तिथं शेंदराचा जाड थर होता. त्यावर हळदीची बोटं, कुंकू आणि एक सुकलेलं झेंडूचं फूल. आतला काटा किती प्रेशर दाखवतो आहे ते बाहेरून कळायची सोयच नव्हती.

"हे काय?"

"शुक्रवारच्या आरतीचं हाये, साहेब. इथं बॉयलरलेच देवी मानतेत. दर शुक्रवारी चढते."

"मंग पुसलं काहून नाही?"

मिस्त्रीनं फावडं उचललं आणि परत खाली ठेवलं. एरवी हा माणूस बोलका. मागच्या खेपेला त्यानं मला लेकीच्या लग्नाची हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली होती. आज मात्र उन्हात ताटकळलेला माणूस एकदाच्या दिसलेल्या मोटारीकडे पाहतो, तसा तो माझ्याकडे पाहत होता.

मी बॉयलर इन्स्पेक्टर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. वरचे साहेब नागपूरला, माझा मुक्काम अमरावतीला, आणि वऱ्हाडातले जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने माझ्या गळ्यात. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे नेमकं करता काय?" मी म्हणालो, "बॉयलर फुटू नये म्हणून फिरतो." ते म्हणाले, "आणि नाही फुटला तर?" म्हटलं, "तर काम झालं." त्यांना हे काम फारसं पटलं नसावं. पण नोकरी सरकारी होती, म्हणून मुलगी मिळाली.

जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी काढतात आणि रुई वेगळी. हे काम रेचे नावाची यंत्रं करतात. रेचे इंजिनावर चालतात आणि इंजिन वाफेवर. ती वाफ जिथं तयार होते तो बॉयलर. आडवा निजवलेला मोठा लोखंडी पिंप समजा. खाली आग, आत पाणी, आणि पाण्यावर कोंडलेली वाफ. वाफ हिशेबात आहे तोवर ती निमूटपणे कारखाना चालवते. हिशेबाबाहेर गेली की पिंप फाडून बाहेर येते. एका गावी असा फुटलेला बॉयलर मी चौकशीला गेलो तेव्हा पाहिला होता. भिंत उरली नव्हती. लोखंडाचा पत्रा पलीकडच्या तुरीच्या शेतात जाऊन पडला होता. त्याबद्दल फार लिहीत नाही. आवारातल्या बाभळीला बायांनी सकाळी बांधलेल्या शिदोऱ्या मात्र तशाच लटकत होत्या. त्या सोडायला कोणी उरलं नव्हतं. कोणी मला म्हणालं की तुम्ही फार किरकिर करता, तर मला त्या शिदोऱ्या दिसायच्या.

तर अकोल्याजवळच्या या जिनिंगात मी भर सिझनमध्ये, न कळवता गेलो होतो. मालक रामरावजी. माणूस वाईट नाही, पण घाई पाचवीला पुजलेली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि रामरावजी स्वतः बॉयलरपाशी उभे राहून कोळसा टाकवून घेत होते.

"साहेब, चांगल्या वक्ताले आले! पाहा, हा मिस्त्री आग वाढवतच नाही. रेचे पाहा कसे रेंगाळून राहिले! आज मी सोता उभा राह्यलो, तवा कुठं चाल धरली त्याईनं."

मी खिशातून रुमाल काढला आणि काचेवरचा शेंदूर पुसला. रामरावजींच्या तोंडून "अरे अरे" निघालं. करीम मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.

गेजवर एक लाल रेघ असते. काटा तिच्या अलीकडे राहिला पाहिजे. इथं तो रेघ ओलांडून चांगला पुढं गेला होता.

मी घाबरलो, हे कबूल करायला मला लाज नाही. पण लगेच दुसरा प्रश्न आला. काटा रेघेपुढं गेलाच कसा? त्याच्या आधी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायला हवा. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरच्या भोकावरचं झाकण. ते एका आडव्या दांड्यानं दाबून धरलेलं असतं आणि दांड्याच्या टोकाला मोजून मापून एक वजन टांगलेलं असतं. वाफ वाढली की ती त्या वजनालाही न जुमानता झाकण उचलते आणि फुस्सकन बाहेर पडते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उडतं तसंच. टोकाचं वजन वाढवलं, की झाकण उठत नाही.

मी शिडी चढून वर पाहिलं. दांड्याच्या टोकाला, सरकारी वजनाच्या शेजारी, पितळेची एक घंटा टांगलेली होती. देवळात असते तशी, भली दणदणीत. तिला लाल कापडात बांधलेले नारळ, आणि वाजवायला खाली सोडलेला दोर.

"ही कोनं टांगली?"

"आमच्या आईचा नवस व्हता," रामरावजी खालून म्हणाले. "गेल्या साली आजूबाजूले आगी लागल्या, आपल्या रुईले काई झालं नाही. म्हनून दसऱ्याले बॉयलरची पूजा केली तवा टांगली. तो दांडा खुटीवानी बाहेर आलेला हाये ना, सोयीचा वाटला."

घंटा तिथल्या तिथं काढून टाकावी असं कोणालाही वाटेल. तेच करायचं नव्हतं. वाफ इतकी चढलेली असताना झाकण एकदम मोकळं केलं, की आतलं पाणी उसळी मारतं आणि तो हिसका जुन्या पत्र्याला सोसेलच असं नाही. मी आधी पाण्याची काचनळी पाहिली. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी भरपूर होतं. हायसं वाटलं. पाणी कमी असतं तर ही गोष्ट सांगायला मी उरलो असतो की नाही, शंका आहे.

"मिस्त्री, आगीवर ओली राख टाक. धुराड्याची झडप लाव. पंप चालू कर, पानी जाऊ दे आत. इंजिन बंद करू नको."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत करीम मिस्त्रीच्या हातात फावडं होतं.

"आग काहून मारता?" रामरावजी ओरडले. "सिझन हाये साहेब! गाड्या उभ्या हायेत!"

"बॉयलर फुटला तर गाड्याही जातीन अन् तुमीही. इंजिन चालू ठेवा म्हणतो आहे ना? ते जितकी वाफ खाईन तितकी बरी."

त्यांचा चेहरा उतरला. मग ते एकदम भिंतीकडे वळले. भिंतीपलीकडे रेचे खडखडत होते आणि प्रत्येक रेच्यावर बाया होत्या. मधे एक विटेची भिंत, बस्स.

"भोंगा वाजवतो! पळवतो सगळ्याईले बाहेर!"

मी त्यांचा हात धरला. अवेळी भोंगा म्हणजे रुईला आग, हे जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक. भोंगा ऐकताच बाया धावत सुटल्या असत्या. दार एक, आणि त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी फिरते पट्टे. कोणाचा पदर पट्ट्यात गेला असता, कोणी दारात चेंगरली असती. बॉयलर न फुटताच माणसं मेली असती. त्यांना बाहेर काढायचं होतं, पण त्यांना न घाबरवता.

तेवढ्यात आवारात दमणी येऊन थांबली. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी. वार शुक्रवारच होता. रामरावजींची आई, सगळा कारखाना त्यांना मोठ्या बाई म्हणायचा, आरतीचं ताट घेऊन उतरत होत्या. मी जवळजवळ पळतच गेलो.

"आई, आज आरती बाहेर करा. तिकडे, त्या निंबाखाली. सगळ्या बाया घेऊन."

"काहून? देवी त आत हाये."

"मागून सांगतो. आता विचारू नका. पन कोनी पळाले नाही पायजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेंदरानं माखलेल्या हाताकडे पाहिलं. माझ्या मागं, दारात उभ्या असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. ताट सावरत त्या रेच्यांच्या दारात गेल्या आणि त्या खडखडाटावर ताण करत ओरडल्या, "चला वं बायाहो! आज निंबाखाली आरती हाये! परसाद घ्या! हयू हयू या वं, गर्दी नोका करू, सगळ्याईले भेटन!"

मालकाची आईच बोलावते आहे म्हटल्यावर काय! बाया पदर झटकत, अंगावरची रुई झाडत, एकमेकींची चेष्टा करत बाहेर आल्या. पट्ट्यांपासून अंग चोरून चालायची त्यांना सवय होतीच. शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत मी दारात उभा होतो. तिची चाल आठवली की आजही मला तिच्यावर ओरडावंसं वाटतं. इतकी सावकाश!

मी आत परतलो. आत आम्ही तिघं. रेचे रिकामे फिरत होते. करीम मिस्त्री राख टाकत होता आणि मी काट्याकडे पाहत होतो. काटा हलायलाच तयार नाही. बाहेर आरती सुरू झाली. एक संपली की मोठ्या बाई दुसरी धरत. त्यांना येत होत्या तेवढ्या सगळ्या देवांच्या आरत्या त्या दिवशी झाल्या असाव्यात. ताटातला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद मूठभर, आणि तो संपला तर बाया परत आत येतील, हे त्या म्हातारीनं बरोबर ओळखलं होतं.

मग काटा सरकला. आधी वाटलं भास आहे. पण तो खरंच खाली येत होता. लाल रेघेवर आला, रेघेखाली गेला, आणखी खाली गेला. तेव्हा कुठं मी शर्टाची बटणं सोडली.

घंटा रामरावजींनी आणि मी मिळून काढली. करीम मिस्त्री शिडीपाशी उभा होता, पण तेव्हाही त्यानं तिला हात लावला नाही. नंतर मी आग पुन्हा थोडी वाढवायला लावली. काटा रेघेपाशी पोचला आणि व्हॉल्व्हनं फुस्सकन वाफ सोडली. बाहेर बाया किंचाळल्या आणि मग हसल्या. मी आयुष्यात बरीच गाणी ऐकली आहेत, पण तो फुस्सकन आवाज मला फार गोड वाटला.

आरत्या संपवून मोठ्या बाई आत आल्या. मी त्यांना झाकण, दांडा, वजन सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मिस्त्रीकडे वळल्या.

"करीम, तुले हे मालूम व्हतं?"

"मालूम व्हतं, बाई."

"मंग बोलला काहून नाही रे?"

"बोललो व्हतो. टांगली त्याच दिवशी हिशेबाच्या मुनशीले म्हनलं, घंटा जड हाये. थो हासला. म्हने, देवीची घंटा तुलेच कशी जड झाली रे, करीम? मंग मी चूप बसलो." त्यानं फावड्याकडे पाहत पुढं सांगितलं. "बाई, मी मुसलमान मानूस. मी घंटा काढली असती, काचेवरचा शेंदूर पुसला असता, तर लोकं काय म्हनले असते? तुमाले वाईट वाटलं असतं. म्हनून आग कमी ठेवत व्हतो. बॉयलरच्या आवाजाले कान देऊन बसत व्हतो. मालक म्हने, मिस्त्री आळशी झाला."

रामरावजींनी मान खाली घातली.

"अन् फुटला असता मंग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"त पयले मीच गेलो असतो ना, बाई. मी त इथंच बसतो."

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. आणि रडता रडताच तिनं त्याला जी शिव्यांची लाखोली वाहिली, ती इथं छापता येणार नाही. "मले वाईट वाटन म्हनून मरतं काय रे तू? माह्या सुना-लेकींवानी बाया त्या भिंतीआड! माह्या देवीले काय तुह्या जिवाचा नैवेद्य पायजे व्हता?" करीम मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. दसऱ्यापासून त्याच्या छातीवर जे ओझं होतं, ते उतरलं होतं. मलाही भरून आलं. मग मी सरकारी आवाज काढून, वजनाला कोणी हात लावू नये, अशी सगळ्यांना तंबी दिली.

निघताना रामरावजींनी विचारलं, "साहेब, आता मी काय करू?"

"मिस्त्री जे बोलन ते ऐका. आवडो का नावडो."

नागपूरच्या साहेबांना सगळं कळवलं. त्यांनी विचारलं, "कोणी जखमी?" म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग एवढं लांबलचक काय सांगता?" आणि त्यांनी दुसरा विषय काढला.

पुढच्या सिझनला मी पुन्हा गेलो. फाटकातच रामरावजी भेटले, चांगले वैतागलेले.

"साहेब, तुमी याची जबान सोडली अन् माहा जीव खाल्ला. सकाळपासून खेकसते माह्यावर! कोळसा ओला, पंपाचं वायसर घासलं, पट्टा ढिला, पानी गढूळ. काल त आईसमोर मले म्हने, मालक, बॉयलरजोळ तुमी येऊच नोका, तुमाले घाई असते. अन् आई त्याच्याच बाजूनं!"

आतून करीम मिस्त्रीचा आवाज येत होता. कोणाची तरी तो खरडपट्टी काढत होता. बहुधा मुनशीची.

पुढं नोकरी संपेपर्यंत मी एक नेम पाळला. ज्या कारखान्यात मिस्त्री मालकाला अदबीनं 'होय जी, होय जी' म्हणतो, तिथं आधी बॉयलर उघडायला लावायचा. आणि जिथं मिस्त्री मालकाशी भांडताना सापडतो, तिथं आधी चहा घ्यायचा.

त्या दिवशी मी रामरावजींकडे दोन कप चहा घेतला.