झडतीवाली

मॅनेजरनं माझ्या डोक्यावरचा पदर काठीच्या टोकानं उचलला. हातानं नाही. काठीनं. वाटेवरचं मेलेलं जनावर बाजूला सारावं तसा.

"ए पिंपळगाव, केसात कापूस घालून चाललीस होय?"

काम सुटलं होतं. कापसाच्या जिन कारखान्याच्या फाटकापाशी बायांची रांग उभी होती. दिवसभर रेच्यापुढं बसून कापसातली सरकी वेगळी करणारी बाई केसात कापूस नाही नेणार, तर काय मोगरा नेणार? पण ही अक्कल आजची. तेव्हा गठाणी दाबायच्या प्रेसमधले गडी हसले. पहारेकरी हसला. आणि मीही हसले.

काठीची लाज मला केव्हाच वाटेनाशी झाली. त्या हसण्याची अजून वाटते.

नवी नवरी होते मी. पिंपळगाव राजाहून खामगावात नांदायला आलेली. मॅनेजर बायांना नावानं हाक मारत नसे, गावावरून मारी. ए सोनाळा. ए वरवट. जशा काही बाजारात कापसाच्या गाड्याच आल्यात.

माझ्या शेजारच्या रेच्यावर सोनाळ्याची हमीदाबी बसायची. फिरत्या रुळापासून बोटं कशी राखायची, उडणाऱ्या रुईत नाकातोंडावर पदर कसा बांधायचा, सगळं तिनंच शिकवलेलं. मी तिला आपा म्हणायची. त्या संध्याकाळी घरी जाताना ती म्हणाली, "रडू येत होतं तं रडाचं, नाही तं चूप राहाचं. हासली काऊन वं?"

मॅनेजरला मात्र ते हसणं आवडलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला बोलावलं. "तू समजूतदार दिसतेस. आजपासून बायांची झडती तू घ्यायची."

रेचा सुटला. फाटकापाशी बसायला लाकडी स्टूल मिळालं. काय सांगू तुम्हाला, नागपूरचा लाटसाहेब त्याच्या खुर्चीत बसत नसेल अशी मी त्या स्टुलावर बसले! पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ऐट बघा बाईची. बाया पुढं येत. मी ओचा चाचपायची, कंबर चाचपायची, पदर झटकायला लावायची. मॅनेजर मागं खुर्चीत काठी घेऊन बसलेला. सगळं बघत.

नवरा त्याच आवारातल्या प्रेसमध्ये गठाणी बांधायचा. त्याला हे रुचलं नाही. एकदा जेवताना म्हणाला, "सोडाचं असन तं सोड. मी काही म्हनत नाही. तुह्या बापाच्या गावी निंदाले जाऊ."

म्हणजे बघा, दार उघडं होतं. कोणी बांधून ठेवलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी सोडलं तं तो पहारेकऱ्याले उभा करन. माहा हात तरी हळू हाय."

किती ही शहाणी! दुसऱ्या बाईच्या अंगाला तिच्या मनाविरुद्ध हात लावायचा, आणि हळू लावला म्हणून वर उपकार मोजायचे. त्या बोलण्यात थोडं खरंही होतं. म्हणून तर ते इतकं सोयीचं पडलं.

हमीदाबीचं लेकरू अंगावरचं होतं. ते ती आईजवळ ठेवून यायची. संध्याकाळपर्यंत दूध भरून येई, म्हणून तिनं चोळीत कापसाचा बोळा धरला होता. झडतीत माझ्या हाताला तो लागला. ओला, कोमट. मला कळलं. कोणत्याही बाईला कळलं असतं. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "पोरी, दूध हाय."

"काय सापडलं?" मागून मॅनेजरचा आवाज.

काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला काय झालं होतं माझ्या? मी चोळीत हात घातला, बोळा काढला आणि त्याच्या पुढं धरला. वाटलं, ओला बघून सोडून देईल. असं वाटलं, हे मी नंतर स्वतःला सांगितलं.

त्यानं तो काठीच्या टोकावर घेतला आणि गड्यांकडे फिरवला. "बघा, सोनाळ्याची चोरी!"

गडी हसले. हमीदाबी हसली नाही. तिला त्याच पावली कामावरून काढलं. तिनं चोळी नीट केली, पदर छातीवर ओढला. ओल पदरावर उमटत होती. तशीच ती सगळ्यांसमोरून चालत गेली.

तेव्हा तरी स्टुलावरून उठायचं की नाही? नाही उठले. हंगाम संपू दे, म्हटलं. चैत्रात जिन बंदच होणार, उगाच वाईटपणा कशाला? रोज भाकरी थापताना ठरवायची, आज जायचं नाही. भोंगा झाला की हात धुऊन निघायची.

मग एक दिवस मॅनेजर खुशीत येऊन म्हणाला, "आता मला इथं बसायची गरज नाही. ही घे." आणि काठी माझ्या हातात दिली.

रांगेत पुढं वरवटची एक नवी पोर होती. मी काठी उचलली नव्हती. बोललेही नव्हते. तिनं आपणच पदर मागं सारला, डोकं वाकवलं आणि हसली.

माझंच हसणं. तेच. दात सगळे, डोळ्यांत काही नाही.

मॅनेजर तिथं नव्हता, तरी त्याचं काम चालू होतं. माझ्या हळू हातानं.

मी उठले. काठी घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"झाली झडती?"

"माही राह्यली हाय."

मी अंबाडा सोडला आणि केस त्याच्या मेजावर झटकले. रुई दौतीत पडली, चहात पडली. काठी पुढ्यात ठेवली. "हा तुमचा कापूस. ही तुमची काठी. अन् हमीदाबीच्या चोळीत दूध होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

माहीत होतं त्याला. पहिल्यापासून.

तिथून मी थेट हमीदाबीच्या दारात. वाटेत काय काय मनात! आपा गळ्यात पडेल, पाठीवर हात फिरवेल. काठी टाकली, पण बक्षिसाची हाव काही सुटली नव्हती.

ती लेकराला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. "आपा, मी काम सोडलं."

"बरं केलं," ती म्हणाली. "पन माह्या चोळीत हात त्यानं नाही घातला. तू घातला." आणि दार लावून घेतलं.

त्या दारावर मी पुन्हा थाप दिली नाही. माफी मिळाली असती तर मी विसरले असते, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. आम्ही पिंपळगावला निंदायला गेलो. पुढं कितीतरी जणांनी मला शहाणी, समजूतदार म्हणून बायांवर नेमायला पाहिलं. प्रत्येक वेळी मी आधी एवढंच विचारलं, माझ्या मागं खुर्चीत कोण बसणार आहे?

जिथं माणसाला काठीनं शिवतात, तिथली हळू हाताची जागा मला नको. स्टूल तुम्हीच ठेवा. मी रांगेत उभी राहीन, आणि हसणार नाही.