इलेक्ट्रिक गाडीला आवाज हवाय!

मित्रांनो, मी अंबरनाथला शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. "गाडी आवाज करते" ही तक्रार रोजचीच. आज मात्र वांगणीचे एक दादा नवीन इलेक्ट्रिक गाडीतून वडिलांना घेऊन आले आणि म्हणाले, "हिचा आवाज येत नाही, काहीतरी करा."

मला हसू आलं. मग कळलं, बाबांना दिसत नाही. जुन्या डिझेल गाडीचा आवाज आला की ते आपोआप बाजूला व्हायचे. काल दादा गाडी मागे घेत होते आणि बाबा नेमके मागेच उभे. शेजारीण ओरडली म्हणून वाचले.

तपासलं तर गाडी हळू चालताना किंवा मागे घेताना आजूबाजूच्यांना कळावं म्हणून बाहेर जो आवाज वाजतो, तो बटणाने बंद केलेला.

"मीच केला. कटकट वाटायची," दादा हळूच म्हणाले.

मी तो चालू केला. बाबांना बाकड्यावर बसवून गाडी सावकाश त्यांच्याकडे आणली. ते कान देऊन ऐकत होते. एकदम हात वर करून म्हणाले, "थांब! आली. डाव्या अंगाला हाय."

गाडी डावीकडेच होती.

मला नवीन टेक्नॉलॉजी आवडते. पण गाडीतली प्रत्येक सोय आत बसणाऱ्यासाठीच नसते. तुम्ही कटकट म्हणून काय बंद करून ठेवलंय?