मिस्त्रीणबाई आणि घाटातली फळी

मिस्त्रीणबाईचं गॅरेज म्हणजे घाटाआधीची शेवटची सपाट जागा. गॅरेज ओलांडलं की डांबर संपायचं आणि कच्ची वाट डोंगराला नखं रोवून वर चढू लागायची. वर पठारावर सतरा घरं, एक तळं, आणि सुट्टीच्या दिवशी जीपा दामटत येणारी हौशी मंडळी. डांबरी रस्त्यानं वर जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, चार तास. या वाटेनं पाऊण तास, पण जीव मुठीत धरून.

धंदा तिला वडिलांकडून मिळाला आणि नाव गिऱ्हाइकांकडून. वडील मिस्त्री, म्हणून ती मिस्त्रीणबाई. चाळिशी उलटेपर्यंत तिच्या हातांत ग्रीस इतकं मुरलं होतं की साबणानंही हात टेकले होते. दारात तिची ओढगाडी उभी असायची. जुना, जीपेएवढाच रुंद ट्रक, पुढच्या बंपरवर गाड्या ओढायचं विंच, विंचवर जाड तारेचं वेटोळं. घाटात कुणी अडकलं की फोन इथेच यायचा. तेवीस वर्षांत किती गाड्या वर ओढल्या ते तिनं कधी मोजलं नाही. ज्या ओढता आल्या नाहीत त्या मात्र पाठ होत्या. तीन. तिसरी तिच्या दादाची.

घाटाच्या मध्यावर दोनशे पावलांचा एक टप्पा आहे. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला उभी दरी, आणि मधे भिंतीत ठोकलेल्या फळीसारखी वाट. एक जीप मावते, बाजूला वीतभर जागा उरते. सगळे त्याला फळीच म्हणायचे. दादा त्या दिवशी खाली येत होता. तो फळीवर असताना समोरून एक गाडी चढून आली. तिच्या चालकाला मागं जायची हिंमत होईना, म्हणून दादानं रिव्हर्स घेतला. मागचं बाहेरचं चाक कडेच्या मातीवर गेलं आणि माती सुटली.

महिन्याभरात रस्ते खात्यानं घाटाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. वर पाटी, ‘धोकादायक मार्ग, प्रवेश बंद’. खात्याचे साहेब भेटायला गॅरेजवर आले. माणूस वाईट नव्हता, बोलला ते मनापासून बोलला.

“बाई, तुमच्या भावासाठीच केलंय हे.”

ती एका गाडीच्या बॉनेटमधे वाकली होती. सरळ उभी राहिली.

“माझ्या भावासाठी करायचं होतं तर तो असताना करायचं होतं. आणि हे नव्हे. फळीच्या दोन्ही टोकांना गाडी बाजूला घ्यायची जागा करा, चढायची वेळ वेगळी ठेवा, उतरायची वेगळी. तीन अर्ज दिलेत मी.”

“तसा प्रस्ताव सध्या नाही.”

“दुखतंय पोट आणि पट्टी बांधलीत डोक्याला,” ती म्हणाली आणि पुन्हा बॉनेटमधे शिरली.

खरी पंचाईत घरात होती. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत ती आणि दादाची बायको, अशा दोघीच उरल्या होत्या. फाटकाच्या मागणीवर पहिली सही वहिनीची होती. स्वयंपाकघराची खिडकी घाटाकडे उघडायची. वहिनीनं तिच्यावर जाड चादर खिळ्यांनी ठोकून टाकली होती, त्यामुळे भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागे.

“वन्सं, ती वाट मला दिसता कामा नये,” वहिनी म्हणायची.

“वरच्या सतरा घरांनी काय करायचं, वहिनी?”

“मला नका विचारू. मी एका घराचं बघून बसलेय.”

 मग दोघी जेवायच्या, भांडी घासायच्या, आणि आपापल्या खाटेवर छताकडे बघत पडायच्या.

इकडे पठारावरची माणसं काही हात बांधून बसली नाहीत. फाटक बंद म्हटल्यावर त्यांनी ओढ्याचं कोरडं पात्र धरलं. घाटवाटेच्या खालून, गोट्यांतून आणि धोंड्यांतून. फळी परवडली अशी ती जागा. हौशी मंडळी तर खूश, त्यांना नवा खेळच मिळाला. मिस्त्रीणबाईनं खात्याला कळवलं, की लोक आता ओढ्यातून जातायत. उत्तर आलं, ओढा खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

मग एका दुपारी पठारावरच्या मेंढपाळाचा फोन आला. नर्सबाईची जीप ओढ्यात लटकली होती. या नर्सबाई आठवड्यातून दोनदा लसींची पेटी घेऊन वर जायच्या. चार तासांच्या वळशात पेटीतला बर्फ वितळतो, म्हणून त्याही ओढ्यानं निघाल्या होत्या. जीप एका धोंड्यावर पोटावर अडकली होती, पुढची दोन्ही चाकं हवेत, खाली पंधरा पुरुष खोल घळ. बाई आत होत्या आणि हलायला घाबरत होत्या.

तिथवर तार पोचवायची तर ओढगाडी वरून, फळीच्या अलीकडच्या वळणावर उभी करायला हवी होती. म्हणजे फाटकातून. तिनं खात्याच्या कार्यालयात फोन लावला.

“किल्ली साहेबांकडे असते, साहेब बैठकीला गेलेत,” कारकून म्हणाला. “तुम्ही लेखी अर्ज देऊन ठेवा.”

“गाडी अर्जावर लटकलेली नाही, धोंड्यावर लटकलीय.”

“बाई, नियम मी केला नाही.”

तिनं फोन ठेवला, भिंतीवरचं मोठं कटर काढलं, आणि भर उन्हात, बसथांब्यावरच्या दहाबारा माणसांदेखत फाटकाचं कुलूप तोडलं. एक घाव दोन तुकडे. तुकडे खिशात टाकले. मागं वळून पाहिलं तर वहिनी गॅरेजच्या दारात उभी होती. ती वळून आत निघून गेली.

वळणावर पोचल्यावर तिनं चाकांना दगड लावले, ट्रकची मागची बाजू साखळीनं एका कातळाला जखडली आणि हुक खांद्यावर घेऊन उतार उतरली. विंचचा दांडा वरून वाट उतरून आलेल्या मेंढपाळाच्या हाती दिला होता. त्याला दोनच गोष्टी शिकवल्या, हात वर केला की ओढायचं, खाली केला की थांबायचं. तारेवर भिजवलेलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलीच तर चाबकासारखी उडून कुणाचा जीव घ्यायला नको.

“मी बाहेर येऊ का?” आतून नर्सबाईंचा बारीक आवाज आला.

“हलू नका. फक्त बोलत राहा.”

“काय बोलू?”

“फाटक ज्यानं लावलं त्याला शिव्या द्या.”

“मला शिव्या येत नाहीत हो.”

“मग मी देते, तुम्ही मागून म्हणा.”

नर्सबाई रडता रडता हसल्या. तोवर मिस्त्रीणबाई गाडीखाली पोटावर सरपटत गेली होती. हुक चासीला अडकवला आणि हात वर केला. तार ताणली, कुरकुरली, जीप धोंड्यावर करकरत दोन हात मागं सरली आणि चाकं जमिनीला टेकली. मागच्या दारातून नर्सबाई बाहेर आल्या, लसींची पेटी छातीशी धरून. पेटी सोडायला तयार नव्हत्या.

मिस्त्रीणबाई तशीच, मातीनं माखलेली, कार्यालयात गेली. कुलुपाचे तुकडे कारकुनाच्या टेबलावर ठेवले.

“हे तुमचं कुलूप. मी तोडलंय. कुणी तोडलं म्हणून शोधत बसू नका, लिहून घ्या.”

“बाई, गुन्हा होतो हा.”

“होऊ दे. त्यात वेळाही लिहा. मी फोन केला ती, आणि तुम्ही अर्ज मागितलात ती.”

दहा दिवसांनी खात्यात फाटकाबद्दल सुनावणी झाली. लांब टेबल, घुरघुरणारा पंखा, साहेब आणि त्यांच्या शेजारी खात्याच्या समितीचे दोन सभासद. वहिनी बसनं वेगळी आली आणि समोरच्या बाकावर बसली. साहेबांनी आधी तिलाच बोलायला सांगितलं. वहिनी उठली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

“माझा नवरा त्या वाटेनं खाल्ला. बंदच ठेवा,” एवढंच म्हणाली आणि बसली.

  मिस्त्रीणबाईला क्षणभर वाटलं, गप्प बसावं, माफी मागावी, घरी जावं. या बाईला आणखी किती दुखवायचं? पण ओढ्यातली ती हवेतली चाकं काही डोळ्यांपुढून हलेनात.

“वहिनी खोटं बोलत नाहीत,” ती म्हणाली. “पण दादाला वाटेनं नाही खाल्लं. समोरून गाडी येतेय हे कळायची सोय नव्हती, त्यानं खाल्लं. ती सोय आजही नाही. तुम्ही कुलूप लावलंत आणि माणसं ओढ्यात ढकललीत. ओढ्यात मेली तर तुमच्या वहीत येत नाहीत, एवढाच फरक. साहेब, फळी पाहिलीय तुम्ही?”

“नकाशावर पाहिलीय.”

“मग चला.”

“मार्ग बंद आहे, बाई.”

“किल्ली तुमच्याचकडे आहे.”

सभासदांपैकी एकाला हसू आवरेना. साहेबही ओशाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. तिनं पकड यावी म्हणून टायरची हवा कमी केली, त्यांना शेजारी बसवलं आणि वर नेलं. फळीपाशी त्यांना उतरवलं आणि पुढं चालायला लावलं. साहेब कड्याला हात लावत लावत दोनशे पावलं गेले. मधे कडेचा तुटका भाग होता, तिथे बराच वेळ उभे राहिले. परतले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

“गाडी बाजूला घ्यायला जागा कुठे होईल?” त्यांनी विचारलं.

“अर्जात नकाशा जोडला होता,” ती म्हणाली. तरी चालत जाऊन दोन्ही जागा दाखवल्या.

तीन महिने काम चाललं. दोन्ही टोकांना जागा झाल्या, वर आणि खाली एकेक वायरलेस आला. सकाळी फक्त चढायचं, दुपारनंतर फक्त उतरायचं, पावसात बंद. फाटक राहिलं, पण ते आता उघडायचं.

कुलुपाचा गुन्हा मात्र उरला होता. साहेबांनी छापील माफीनामा पुढे केला, सही केली की समज देऊन सोडणार होते. त्यात ओळ होती, ‘पुन्हा असे करणार नाही.’ तिनं ती खोडली, वर लिहिलं, ‘पुन्हा कुणी लटकलं तर पुन्हा तोडीन,’ आणि मग सही केली. मग नुसती समज पुरली नाही. ओढगाडीचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला.

“हात दाखवून अवलक्षण,” घरी वहिनी म्हणाली.

“असेल. पण खोटी सही माझ्यानं होत नाही.”

 पण खालच्या वायरलेसवर बसायला माणूस हवा अशी नोटीस लागली तेव्हा वहिनीनं अर्ज केला. मिस्त्रीणबाई थक्क झाली.

“तुम्ही? तुम्हाला तर बंद हवा होता घाट.”

“अजूनही हवाय. ज्याची गाडी धड नाही, त्याला मी बंद करणार.”

आणि केलाही. पहिल्याच दिवशी सात गाड्या परत पाठवल्या. कुणाचे टायर गुळगुळीत, कुणाचा हँडब्रेक नावापुरता, एकाला तर रिव्हर्सच येत नव्हता. नव्याकोऱ्या जीपचा एक दांडगा मालक तणतणत गॅरेजवर आला.

“तुमच्या वहिनींना जरा समजवा.”

“मीच त्यांना भिते,” मिस्त्रीणबाई म्हणाली. “टायर बदला आणि उद्या सकाळी या.”

वहिनीनं त्या वाटेवर पाऊल ठेवलेलं नाही, आणि खिडकीवरची चादरही काढलेली नाही. मिस्त्रीणबाईनं तिला कधी काढा म्हटलं नाही.

परवाना परत मिळाला त्याच आठवड्यात पठाराजवळ एक गाडी चिखलात रुतली. ओढगाडी घेऊन ती फाटकातून आत शिरली आणि फळीच्या अलीकडच्या जागेत थांबली. ट्रकमधे नव्यानं बसवलेल्या वायरलेसवर खरखर झाली. मग खालून वहिनीचा आवाज आला, कोरडा, ठाम.

“वन्सं, वरच्याला विचारलंय मी. फळीवर कुणी नाही. जा तुम्ही.”

मिस्त्रीणबाईनं गिअर टाकला.