काजूचा डाग

माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा म्हणजे निव्वळ थट्टा होती. माणसाचा फोटो काढावा तर भूत निघायचं. त्या वर्षी शिमग्याच्या सुट्टीत जामसंड्याहून वालावलला आईकडे आले, ती डोक्यात एकच घोळ घेऊन: चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्यावा, की फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर? दोन्ही एकदम परवडणार नव्हतं. मी शाळेत शिकवते. चूक दिसली की हात शिवशिवतात. त्यामुळे कल सॉफ्टवेअरकडे होता. बाबांना जाऊन वीस वर्षं झालेली आणि त्यांचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेला, तोही बुरशीने खाल्लेला. तो उजळेल, शिवाय भुतांचीही माणसं होतील. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

आई घरापुढच्या खळ्यात ओले काजू सोलत बसली होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"गेलेल्याक कित्याक उजळतंस गो बाय? मी जिती आसंय, माझो काढ. फोन घे तू."

आणि खरंच उठली, ठेवणीतलं लुगडं नेसली, आबोलीचा वळेसर माळून पायरीवर येऊन बसली. मी जुनाच फोन पुढे केला. पहिली नजर गेली ती तिच्या हातांवर. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, सालं निघालेली.

"आये, हात लपव गो! कसे दिसतत ते!"

तिने हात पदराखाली घेतले. फोटो आला तो धूसरच. वर मीच तिच्यावर डाफरले, "हललीस तू! राहू दे, नवीन फोन आला की काढू."

"मगे कधी?"

"पुढच्या वर्षी."

जामसंड्याला परत गेले आणि सॉफ्टवेअर घेतलं. बाबांच्या फोटोवर आठवडाभर बसले. बुरशी गेली, डोळे उजळले, गाल गुळगुळीत झाले. फ्रेम करून मे महिन्यात ऐटीत आईपुढे ठेवला. तिने चष्मा पुसून पाहिला.

"हो कोण?"

"कोण म्हणजे? बाबा!"

"डाग खंय तेंचो?"

डाव्या गालावरचा तो डाग मी बुरशी समजून पुसला होता. लहानपणी रोज पाहिलेला, आणि विसरले होते. लाज वाटायला हवी. आई सांगू लागली. मी पोटात असताना तिला ओल्या काजूंची उसळ खावीशी वाटली होती. बाबांनी काजू सोलले आणि घाम पुसायला तसाच हात गालाला लावला. चीक लागून कातडी जळली, ती कायमचीच. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

"आधी सांगायचं नाही का!" मी उलट तिच्यावरच चिडले.

"तू इचारलंस खंय?" एवढंच म्हणून ती चुलीकडे गेली.

श्रावणात आई गेली. दोन दिवसांचा ताप काय आला आणि संपलंच. बाराव्याला फोटो हवा होता, तेव्हा पायरीवरचा तोच धूसर फोटो मोठा करून हार घातला.

फोन मी त्याच दिवाळीत घेतला. शेजारच्या मांजराच्या मिशा मोजता येतात त्यात! एका रविवारी आईचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घातला. चेहऱ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. फक्त म्हटलं, पदराखालचे हात तेवढे बाहेर काढून दे. क्षणात दिले त्याने: गोरे, लांब बोटांचे, नखं चकचकीत. ते पाहून मला रडूच फुटलं. सगळं पुसून टाकलं.

बाबांचा बुरशीवाला फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय. डाग दिसतो त्यात. आईचे हात मात्र मीच झाकायला लावले होते, ते आता कुठल्याच फोटोत नाहीत.